भूत : स्थावर की जंगम?

कोठीच्या फाटकाशी लावायच्या फलकासाठी ऐंशी शब्दांचा मजकूर लिहून द्यावा, असं नगरपालिकेचं पत्र आलं, तेव्हा काकांनी आधी ते पत्रच दुरुस्त केलं. 'ऐतीहासीक' या एका शब्दातल्या दोन्ही वेलांट्या चुकल्या होत्या. 'टेकडी' मात्र बरोबर होती, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं.

छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासून काका निवृत्त झाले होते, पण हातातली लाल पेन्सिल काही निवृत्त झाली नव्हती. गल्लीत त्यांना पाठीमागे 'कानामात्रा' म्हणत आणि तोंडावर 'काका'. त्यांना दोन्ही ठाऊक होतं.

"ऐंशी शब्दच ना?" काकू म्हणाल्या. "तेवढे तर मी दूधवाल्याशी रोज बोलते."

"तू बोलतेस. मला लिहायचे आहेत. फरक आहे."

"आहे ना. दूधवाला ऐकतो."

गावातल्या कुठल्याही घरातून मान वर केली की कोठी दिसायची. तीन मजले, सत्तावीस खिडक्या, वर काळ्या पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर. एका लाकडाच्या व्यापाऱ्याने ती बांधली. पुढे तिथे छातीच्या रोग्यांचं इस्पितळ झालं. ते बंद पडलं आणि चाळीस वर्षं तिथे फक्त कबुतरं राहिली. आता नगरपालिकेने डागडुजी केली होती आणि महिन्याभरात कोठी लोकांना बघायला खुली होणार होती. एवढं लिहिलं की झाले पंचेचाळीस शब्द. उरलेल्या पस्तिसांत भूत बसवायचं होतं.

कारण कोठी म्हटली की पांढरी बाई आलीच. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती उभी राहते, हात हलवते आणि रडते, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. काकांनाही लहानपणापासून माहीत होतं. पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ती छापायला देणं वेगळं. छापायची म्हटल्यावर काकांनी ती पहिल्यांदाच नीट वाचल्यासारखी तपासली आणि त्यांची पेन्सिल एका जागी अडली. पांढरी बाई दिसते ती दुपारी चार वाजता. अमावास्या नाही, मध्यरात्र नाही, चार वाजता. भुताच्या मानाने ही वेळ फारच कार्यालयीन होती.

"चारच का?" काकांनी काकूंना विचारलं.

"काही काम असेल तिला," काकू म्हणाल्या आणि वाटाणे सोलत राहिल्या.

काकांना ते उत्तर अजिबात पटलं नाही, पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्यांनी एक वही केली, तिच्यावर 'भूत : मूळ प्रत आणि पाठभेद' असं लिहिलं आणि चौकशीला सुरुवात केली.

पहिली साक्ष काकांच्याच इमारतीत तळमजल्यावर दवाखाना असलेल्या दंतवैद्यांची. ती काकांनी मागितली नव्हती. ते दाढेसाठी गेले होते. दंतवैद्यांना गप्पांची आवड होती आणि समोरच्याच्या तोंडात दोन्ही हात असले की त्यांची कळी विशेष खुलायची.

"ती व्यापाऱ्याची बायको हो. नवरा लाकूड आणायला गेला, तो आलाच नाही. वाट बघून बघून गेली बिचारी."

व्यापारी जन्मभर अविवाहित होता, तशी नगरपालिकेत नोंद आहे, असं काकांना सांगायचं होतं. तोंडातून फक्त "आँ, आँ" आलं.

"बघा, तुम्हालाही भरून आलं," दंतवैद्य म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाईंच्या मते ती बायको नव्हतीच, ती इस्पितळातली परिचारिका होती आणि खिडकी उजवीकडून दुसरी. न्हाव्याच्या मते ती नवरी होती, खिडकी मधली, आणि लग्न मोडलं ते तिच्या मिशांमुळे. हे सांगताना त्याने काकांच्या मिशीकडे असं काही पाहिलं की काकांनी साक्ष आवरती घेतली. आठवड्याभरात वहीत अकरा बायका, सात खिडक्या आणि चार मृत्यू जमा झाले. सगळ्या पाठांत जुळणाऱ्या गोष्टी दोनच: कपडे पांढरे आणि वेळ चारची.

काकांनी सावधपणे एक वाक्य लिहिलं, 'येथे एक पांढरी स्त्री दिसते अशी आख्यायिका आहे', आणि मजकूर घेऊन ते नगरपालिकेत गेले.

सचिवबाई हुशार आणि घाईत असत. "भूत छान बसलंय," त्या म्हणाल्या. "राहू द्याच. भूत नसेल तर एवढी टेकडी चढणार कोण? फक्त पुरावा जोडा."

"भुताचा?"

"फलक सरकारी आहे, काका. उद्या कुणी हरकत घेतली तर? नमुना सात भरा. खिडकी क्रमांक तीन."

खिडकी क्रमांक तीनवरच्या कारकुनाने नमुना सात दिला. 'वारसा वस्तूची नोंद.' चौथ्या रकान्यात प्रश्न होता: वस्तू स्थावर की जंगम?

काका आणि कारकून दोघेही त्या रकान्याकडे बराच वेळ बघत राहिले. भूत कोठी सोडून कुठे जात नाही, तेव्हा ते स्थावर, असं काकांचं मत. कारकुनाने विचारलं, "हात हलवते म्हणता ना? मग जंगम." जंगमचा विभाग मागच्या इमारतीत होता. तिथल्या बाईंनी वस्तूचं वजन, लांबी-रुंदी आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो मागितला. काका परत खिडकी तीनवर आले. कारकुनाला त्यांची दया आली असावी. तो म्हणाला, "चौथा रकाना सध्या कोरा ठेवा. प्रत्यक्षदर्शीचं प्रतिज्ञापत्र मात्र लागेलच. 'सदर वस्तू मी स्वतः पाहिली आहे.' खाली सही."

इथे सगळंच अडलं. दंतवैद्यांनी पांढरी बाई पाहिली नव्हती, त्यांच्या आत्याने पाहिली होती आणि आत्या वारली होती. पोस्टमास्तरीणबाईंच्या मावसबहिणीने पाहिली होती, पण ती परदेशी होती. न्हावी म्हणाला, "सही? छे हो, मी नुसतं सांगतो." अख्ख्या गावाला खडान्‌खडा माहीत असलेली बाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस गावात नव्हता.

दुसरा कुणी असता तर त्याने ते वाक्य गाळलं असतं. काकांनी वही मिटली आणि ते म्हणाले, "मीच जातो. चार वाजता."

"मी येते," काकू म्हणाल्या. "एकटे गेलात तर तिच्याही चुका काढाल."

परवानगी मिळाली बुधवारची, दुपारी तीन ते पाच, डोक्याला शिरस्त्राण घालण्याच्या अटीवर. फाटकाशी रखवालदार होता. गडी चांगला धिप्पाड, पण तिसऱ्या मजल्याचं नाव काढताच त्याने किल्लीच काकांच्या हातात ठेवली. "तुम्ही जा, साहेब. वर तसं काही नाही. जे आहे ते चारला येतं."

तिसऱ्या मजल्यावर एकच लांबलचक दालन होतं. छताला लोखंडी आकडे, त्यांतून ओवलेल्या गंजक्या तारा, कोपऱ्यात लाकडी रुळांचं एक अवजड यंत्र. काका प्रत्येक गोष्टीपुढे थांबत होते. व्यापाऱ्याच्या बायकोला, असलीच तर, एवढे आकडे कशाला लागले असतील? छतातून सारखा चुना गळत होता. काकांचा कोट एकुलता एक बरा होता, म्हणून काकूंनी तिथल्या बाकांवर घातलेलं एक पांढरं आच्छादन झटकून त्यांच्या डोक्याखांद्यांवरून पांघरलं.

"आता खिडक्या मोजतो," काका म्हणाले. "सात पाठभेदांचा एकदा निकाल लागू दे."

खिडक्या वर सरकणाऱ्या होत्या. काकांनी मधली खिडकी वर ढकलली, कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि डावीकडून मोजायला लागले. "एक, दोन, तीन..." एवढ्यात चाळीस वर्षं वर न गेलेली खिडकी खाली आली.

लागलं फारसं नाही. पण अर्धे काका कोठीत आणि अर्धे काका आभाळात, अशी त्यांची विभागणी झाली. खिडकी तसूभर हलेना. काकूंनी आतून पाय ओढून पाहिले. काकांनी बाहेरून हात हलवून पाहिले. मग त्यांनी रखवालदाराला हाक मारली. हाक घाबरलेली होती, त्यात दाढ नुकतीच भरलेली. तेव्हा ती कशी ऐकू आली असेल हे एवढ्यावरून समजावं की रखवालदार वर न येता टेकडी उतरून पळत सुटला.

खाली गावातल्या घड्याळाने चारचे ठोके दिले.

काकांना वरून सगळं स्वच्छ दिसत होतं. आधी एक बाई गच्चीवर थबकली. मग एक सायकल थांबली. मग रस्ताच थांबला. दंतवैद्य हातात चिमटा घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या मागोमाग तोंड उघडंच असलेला एक रोगी. न्हावी आला, अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक आलं. काका जिवाच्या आकांताने हात हलवत होते आणि ते हात जितके हलत, तितका जमाव एकेक पाऊल मागे सरकत होता.

शेवटी काकूंनी जिन्यातून उतरून, टेकडीच्या निम्म्या वाटेवर जाऊन, "अहो, आमचे हे आहेत ते!" असं ओरडून सांगितलं. ते दोघाचौघांनीच ऐकलं. पण त्यांतला एक अग्निशमन दलात होता. शिडी आली. शिडीवरचा जवान काकांच्या तोंडासमोर येऊन थांबला आणि त्याने खिशातून वही काढली.

"नाव?"

"आधी सोडवा मला!"

"नोंद करावी लागते, काका. अडकण्याचं कारण?"

काकांनी थोडा विचार केला. "संशोधन," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर फोटो होता: 'पांढरी बाई पुन्हा दिसली!' आपल्याला बाई म्हटल्याचं काकांना लागलंच, पण 'खीडकी' वाचून ते जेवले नाहीत. आणि खरा घोळ पुढेच होता. दुपारी सचिवबाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "काका, सतरा प्रतिज्ञापत्रं आली! दंतवैद्य तर सकाळी सातपासून दारात उभे होते. तुमचं भूत मंजूर!"

काका फोन ठेवून खुर्चीत बसले. उभ्या आयुष्यात त्यांनी चूक दिसली आणि सोडली असं केलं नव्हतं. आता गावाच्या दारात, अगदी सरकारी खर्चाने, एक धडधडीत चूक लागणार होती आणि ती चूक म्हणजे ते स्वतः होते. खरं सांगावं तर 'खिडकीत अडकलेले काका' हीच पुढच्या शंभर वर्षांची आख्यायिका. न सांगावं तर रोज फाटकावरून जाताना मान खाली.

"सांगून टाका," काकू म्हणाल्या. "निम्म्या गावाला मी सांगितलंच आहे. कुणी विश्वास ठेवत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी दाराची कडी वाजली. दारात एक म्हातारी बाई काठी टेकून उभी होती. अंगाने काटकुळी, मनगटं मात्र पैलवानासारखी. खालच्या गल्लीतल्या या आजींना काका तोंडओळखीने ओळखत होते. आजी आत आल्या, त्यांनी काकांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या,

"चुकीच्या खिडकीत उभे होतात तुम्ही."

काकांनी आजींना खुर्ची पुढे केली.

"मधली नव्हे. डावीकडची शेवटची. आणि हात असे वेड्यासारखे नव्हते हलत. दोन्ही हात एकदम वर आणि खाली. चादर झटकताना जातात तसे."

"तुम्ही पाहिलीय तिला?" काकांनी वही ओढली.

"पाहीन कशी? मीच ती."

काकूंनी चहाचं आधण ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या दारातच स्टूल घेऊन बसल्या. आजी सांगू लागल्या.

इस्पितळ होतं तेव्हा तिसऱ्या मजल्यावर धुलाईचं दालन होतं. आकडे आणि तारा कपडे वाळवायला, लाकडी रूळ चादरी पिळायला. आजी तिथे अकरा वर्षं कामाला होत्या. घरी धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि ती दिवसभर एकटी शिवणकाम करायची. तिला निरोप द्यायचा कसा? इस्पितळातून घराची गच्ची दिसे. मग दोघींनी मिळून एक भाषा केली. चार वाजता धुतलेल्या कपड्यांचा शेवटचा घाणा निघे, तेव्हा आजी खिडकी उघडून चादर झटकायच्या. एकदा झटकली तर 'मी ठीक आहे'. दोनदा, 'उशीर होईल'. तिरकी धरली तर 'कोळसा आणून ठेव'. खालून बहीण टेबलावरचा कपडा झटकून उत्तर द्यायची.

"आणि रडण्याचा आवाज?" काकांनी विचारलं.

"रुळाला तेल नव्हतं. कितीदा मागितलं! शेवटपर्यंत दिलं नाही."

"पण मग भूत कुणी म्हटलं?"

आजींनी चहाचा घोट घेतला. पहिल्यांदाच त्या जरा लाजल्या. "वरच्या खिडक्या उघडायला बंदी होती. एकदा व्यवस्थापकाच्या कानावर गेलं, की वर पांढरं काही हलतं. तो वर आला, म्हणाला, कोण खिडकी उघडतं? नोकरी गेली असती हो. मी म्हटलं, साहेब, मी पण तिला पाहिलंय. फार रडते. पुन्हा तो वर आला नाही. खिडकी माझी झाली."

काकांनी वहीकडे पाहिलं. अकरा बायका, सात खिडक्या, चार मृत्यू. त्यांनी एका लांब तिरक्या रेघेने सगळं खोडलं. इतकं समाधान त्यांना कुठल्याही मुद्रितावर मिळालं नव्हतं. "उद्याच मजकूर बदलतो! भूत नव्हतंच. धुलाईवाली होती!"

"नको," आजी म्हणाल्या.

"नको?"

"भूत राहू द्या. भूत आहे म्हणून लोक त्या खिडकीकडे बघतात. धुलाईवाली म्हटलं की कोण मान वर करणार?" त्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "बहीण मागच्या थंडीत गेली. ती चादर काय म्हणायची, ते आता माझ्याशिवाय कुणाला कळत नाही. तुम्ही एवढी वही घेऊन हिंडलात, म्हणून आले. फक्त एक दुरुस्ती करा. ती रडत नव्हती. एवढंच."

काकांना जन्मात कुणी इतकी छोटी दुरुस्ती सांगितली नव्हती.

सोमवारी तिघं खिडकी क्रमांक तीनवर गेली. काकांनी आधी बुधवारची खरी हकीकत लिहून दिली, त्यामुळे सतरा प्रतिज्ञापत्रं रद्द झाली आणि दंतवैद्य पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. दाढेच्या दृष्टीने तो काळ सुखाचा गेला. मग आजींनी नवं प्रतिज्ञापत्र भरायला घेतलं. 'सदर वस्तू मी स्वतः पाहिली आहे' यातलं 'पाहिली आहे' खोडून त्यांनी वर लिहिलं, 'होते'.

"खाडाखोड चालत नाही," कारकून म्हणाला. मग त्याने परत वाचलं. "म्हणजे वस्तू स्वतः सही करतेय?"

"हो," काका म्हणाले.

"चौथा रकाना कोरा आहे. स्थावर की जंगम?"

"पूर्वी जंगम होते," आजी म्हणाल्या. "आता गुडघ्यांमुळे स्थावर लिहा."

कारकुनाने स्थावर लिहिलं आणि शिक्का मारला.

कोठी खुली झाली त्या दिवशी गाव लोटलं होतं. फाटकाशी फलक होता. शेवटची वाक्यं अशी होती: 'तिसऱ्या मजल्यावर, डावीकडच्या शेवटच्या खिडकीत, दुपारी चार वाजता पांढरी बाई दिसते असे म्हणतात. ती रडत नाही. ती आपल्या बहिणीला सांगते, मी ठीक आहे.' लोक ते वाचत आणि मान वर करत. न्हाव्याने दोनदा वाचलं आणि मिशांचा उल्लेख राहून गेल्याबद्दल नापसंती दाखवली.

आजींना तीन मजले चढायला पाऊण तास लागला. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला रखवालदार. तो डोळे मिटूनच चढत होता. खिडक्या आता दुरुस्त झालेल्या होत्या. चारला दोन मिनिटं असताना आजींनी पिशवीतून मोठी दुहेरी चादर काढली, खिडकीतून बाहेर धरली आणि एकदाच झटकली. फट्‌ असा आवाज झाला. खाली टेकडीच्या पायथ्यापर्यंत सगळ्या माना वर झाल्या.

मग कुणीतरी गच्चीवरून टॉवेल हलवला. दुसऱ्या गच्चीवरून कुणी उशीचा अभ्रा झटकला. दंतवैद्यांनी, राग विसरून, पांढरा कोट काढून गरागरा फिरवला. बघता बघता गावातल्या पन्नास-साठ घरांतून कपडे हलू लागले.

काका खिडकीच्या कडेला हात घट्ट धरून उभे होते. "काय म्हणतायत?" त्यांनी हळूच विचारलं.

आजींनी डोळे बारीक केले. "तो टॉवेलवाला म्हणतोय, उशीर होईल. त्या बाई कोळसा मागतायत. आणि ते दंतवैद्य..." त्यांनी मान हलवली. "ते काय म्हणतायत, देव जाणे."

त्या पुष्कळ वेळ बघत राहिल्या. हसत होत्या, आणि मधूनच मनगटाने नाक पुसत होत्या. हळूहळू कपडे थांबले, लोक फाटकातून आत येऊ लागले, जिन्यावर पावलं वाजायला लागली.

"धरा हे," आजी म्हणाल्या आणि चादरीचं एक टोक त्यांनी काकांच्या हातात दिलं. "एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही."

काका चादर धरून मागे सरकले. आजी पुढे आल्या, टोकं जुळवली, पुन्हा मागे गेल्या.

"कडा सरळ धरा. वाकडी होतेय."

"हो," काका म्हणाले आणि त्यांनी कडा सरळ धरली.